‘ओमाहा’चं हेल्मेट घेताय? आधी मागची कड बघा

२,०४२ डॉलर गेले. हेल्मेटचे १,८५०, ‘खरेपणाच्या प्रमाणपत्रा’चे १५० आणि विम्यासकट टपालाचे ४२. हातात आलं ते अमेरिकी सैन्याचं साधं एम१, वर २९ व्या इन्फंट्री डिव्हिजनचं निळं-करडं चिन्ह हल्ली कुणीतरी रंगवलेलं. विक्रेत्याच्या म्हणण्याप्रमाणे ते दुसऱ्या महायुद्धात, ६ जून १९४४ ला, फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या ओमाहा बीचवर उतरलेल्या सैनिकाचं!

एम१ च्या काठाला पोलादी पट्टी असते. तिचा सांधा आधी पुढे, कपाळाच्या बाजूला यायचा. १९४४ च्या अखेरीस तो मागे गेला. माझ्या हेल्मेटचा सांधा मागे आहे. म्हणजे ते नॉर्मंडीच्या वेळी बनलेलंच नव्हतं. संपला विषय.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. म्हणून तर मी मागच्या काठाचा फोटो मागितला होता. विक्रेत्याने पाठवला लायनरवरच्या, म्हणजे आत बसणाऱ्या वेगळ्या टोपीवरच्या, वेस्टिंगहाउस या कंपनीच्या छापाचा, आणि सोबत सैनिकाच्या नातीची लांबलचक हकीकत. तिथेच थांबायला हवं होतं. तो प्रसंग आठवला की अजून अंगाची लाही होते. मागितलेला एक फोटो टाळून माणूस दुसरे पाच पाठवतो, तेव्हा त्याला नेमकं काय लपवायचंय ते उघड असतं. पण लायनर खरोखर युद्धकाळातलं होतं. अस्सल लायनर दाखवून खोटं चिन्ह विकायचं, हीच त्याची युक्ती. वर्षानुवर्षं या वस्तू हाताळणाराही त्याला फसेल.

आणि ओरखडे! ते चिन्हाच्या खाली आहेत. मूळ रंगात बुचाचा भुसा मिसळलेला असतो. तो जिथे घासून पोलाद उघडं पडलंय, तिथेही निळा रंग चढलाय. यूव्ही (अतिनील) टॉर्च मारल्यावर करडा भाग चकाकला, म्हणजे रंग हल्लीचा. चिन्ह असलेलं कुठलंही हेल्मेट या दोन तपासण्यांशिवाय घेऊ नका.

पैसे त्याने ‘मित्राला पाठवतोय’ या पर्यायाने मागितले, म्हणे फी वाचेल. तसं कधीही पाठवू नका, खरेदीचं संरक्षण तिथेच संपतं. पैसे पाठवणाऱ्या कंपनीने दोन ओळींत हात झटकले: वैयक्तिक व्यवहार, दावा करता येत नाही. पोलिसांनी विचारलं, “हेल्मेट मिळालं ना? मग चोरी कुठली?” सांधा दाखवला, तारखा सांगितल्या, तर म्हणे खऱ्या-खोट्याचा वाद दिवाणी आहे. विक्रेता दुसऱ्या राज्यातला, म्हणून तिकडे तक्रार करा. तिकडचे म्हणतात, पैसे जिथून गेले तिथे करा. ऑनलाइन गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार भरली, उत्तरादाखल एक क्रमांक आला आणि पुढे शांतता. दुकानातून कुणी २,०४२ डॉलर उचलले असते तर हेच लोक धावले असते. इथे खोट्या कागदावर सही करून लुटलंय, तर कुणाला फाइल उघडायची इच्छा नाही. प्रमाणपत्रावरच्या ‘तज्ज्ञा’चा पत्ता ना फोन.

कागद विकत घेऊ नका. काठाच्या आतल्या बाजूला ठोकलेल्या आकड्याचा, म्हणजे कारखान्याच्या क्रमांकाचा, फोटो मागा. हनुवटीच्या पट्ट्याच्या कड्या न हलणाऱ्या आहेत की फिरत्या, ते विचारा. फिरत्या कड्या १९४३ च्या अखेरीस आल्या, त्यामुळे ‘उत्तर आफ्रिका, १९४२’ म्हणून फिरत्या कड्यांचं हेल्मेट विकणारा सरळ खोटं बोलतोय.

तो माणूस अजून धंदा करतोय. आता त्याने पॅराट्रूपरचं एम२ विक्रीला काढलंय. एम२ ला इंग्रजी डी अक्षरासारख्या, वेल्ड केलेल्या कड्या असतात आणि साध्या एम१ वर त्या सहज चिकटवता येतात. वेल्डच्या जागेचा जवळून काढलेला फोटो मागा. नाही दिला, तर एक डॉलरही पाठवू नका.