घरची मॅग्नेटिक सायकल आणि कोलायटिस : काही महिने वापरल्यानंतर

ही एका जागी उभी राहणारी व्यायामाची सायकल. फ्लायव्हील, रेझिस्टन्सचे ८ टप्पे, वजनमर्यादा हे सगळं खोक्यावर छापलेलं असतं, ते सोडून देतो. जे कुठेच छापत नाहीत आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स (आतड्यांना सूज आणणारे, अधूनमधून उसळणारे आजार) असलेल्याने दुकानात आधी विचारायला हवं ते हे, की पेडल थांबल्यावर कन्सोल, म्हणजे हँडलवरची आकडे दाखवणारी पट्टी, किती वेळ चालू राहतो? या सायकलचा राहतो ४ मिनिटं. मग स्क्रीन काळी. वेळ, अंतर, कॅलरी सगळं शून्य. अहो, घाईची लागल्यावर ४ मिनिटांत संडासातून परत येणारा माणूस ही सायकल घेईल कशाला? तो पुण्याच्या वेताळ टेकडीवर फिरायला जाईल. या आजारात घरात व्यायाम करायचा तो संडास दहा पावलांवर असतो म्हणून, आणि यंत्र नेमकी तिथेच माती खातं.

कस्टमर केअरचं उत्तर : 'सर, ते बॅटरी सेव्हिंग फीचर आहे.' दोन पेन्सिल सेल वाचवायला! वॉरंटी चालू असूनही माणूस पाठवायचा तर व्हिजिट चार्ज वेगळा. म्हणजे हेच वाक्य घरी येऊन ऐकवायचे पैसे. कन्सोलवर रुमाल टाका, समोर भिंतीवर घड्याळ लावा, मिनिटं वहीत लिहा.

सीट टणक म्हणून आधी दोन तारे कापले होते, ते परत दिले. दोष उंचीचा निघाला. पेडल सगळ्यात खाली आणा, त्यावर टाच ठेवा. गुडघा सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवला की गुडघ्यात थोडा बाक राहतो आणि कंबर डुलत नाही. हँडल अंगाकडे ओढून घ्या. पुढे वाकलं की पोट दुमडतं आणि आधीच कुरकुरणाऱ्या आतड्यात कळा येतात. क्रोन्समध्ये गुदद्वाराजवळ फिस्टुला (आतड्यातून त्वचेपर्यंत पडलेली वाट) असेल तर मात्र सीट कितीही मऊ असो, सायकल नकोच, चाला.

आजार शांत असताना ५ मिनिटं पहिल्या टप्प्यावर, २० मिनिटं तिसऱ्या-चौथ्यावर, शेवटी ५ पुन्हा हलकी. पूर्ण वाक्य बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये, इतपत दम. आठवड्यात पाच दिवस केलं की एकूण १५० मिनिटं होतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते ती १५० मात्र मध्यम दमाची, हलकी मिनिटं त्यात धरू नका. जेवणानंतर दोन तास थांबा. सकाळच्या चहाने पोट हलतं, तेव्हा ते साफ झाल्यावरच बसा, नाहीतर सरळ संध्याकाळ धरा. रक्त पडत असेल, ताप असेल तर सायकल बंद, घरातल्या घरात फेऱ्या पुरेत. पहिल्याच टप्प्यावर धाप लागली तर आळस म्हणून स्वतःला हाणू नका, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. जुलाब चालू असताना ओआरएसची मोठी पुडी पूर्ण १ लिटर पाण्यात. काटकसर म्हणून चिमूट-चिमूट ग्लासात टाकली तर प्रमाण बिघडतं. मांड्या दुखल्या म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक परस्पर घेऊ नका, आजार उसळू शकतो. पॅरासिटामॉल चालतं का ते डॉक्टरांना विचारा.

जाहिरातीतलं 'फुल बॉडी' खोटं आहे. प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड्स लांबली की हाडं विरळ होतात आणि सायकलवर वजन सीट पेलते, हाडं नाही. त्यासाठी चालणं, जिना आणि आठवड्यातून दोनदा रबरी बँड. ओढताना श्वास कोंडू नका. पोटावर स्टोमा (शस्त्रक्रियेने शौचासाठी काढलेली वाट) असेल तर हर्नियाचा धोका असतो, म्हणून आधी सर्जनला विचारा.

टकटक आवाज येऊ लागला तर लगेच मेकॅनिक बोलावू नका. बऱ्याचदा डावं पेडल सैल झालेलं असतं. त्याचे आटे उलटे असतात, म्हणजे घड्याळाच्या उलट फिरवलं की घट्ट. आधी हाताने दोन-तीन फेरे बसवा, मगच १५ नंबरचा पाना लावा. तिरपं घुसवलं किंवा सैल तसंच चालवलं की क्रँकचे (पेडल ज्यात बसतं त्या दांड्याचे) आटे मरतात आणि अख्खा क्रँक बदलावा लागतो.

पाचपैकी तीन. एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) घेऊ नका. खरं तर नवीही घेऊ नका. सोसायटीच्या ग्रुपवर कपडे वाळत घालून झालेल्या सायकली अर्ध्या किमतीत येतात. बघायला जाताना पाना खिशात ठेवा, डावं पेडल काढून बघा. आटे मेलेले असतील तर फुकटातही आणू नका.