फेरोमोन परफ्यूमच्या नावाने माझ्या भाच्याला कसं लुबाडलं

नागपुरात सध्या 'फेरोमोन परफ्यूम' नावाचा प्रकार जोरात विकला जातोय. फेरोमोन म्हणजे प्राणी आपल्याच जातीच्या दुसऱ्या प्राण्याला इशारा द्यायला अंगातून सोडतो ते रसायन, आणि ते बाटलीत भरलंय असा या लोकांचा दावा. इन्स्टाग्रामवर जाहिरात, प्रदर्शनात स्टॉल आणि मग व्हॉट्सॲपवर गोड बोलणारा 'कन्सल्टंट'. माझ्या सख्ख्या भाच्याला या लोकांनी पद्धतशीर लुबाडलं. पैसे गेले आणि वरून धमक्याही मिळाल्या. त्याला विचारूनच हे लिहितोय, त्याचं नाव तेवढं देत नाही. इतवारीत आमचं अत्तराचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. वास विकण्यातच माझं आयुष्य गेलं, त्यामुळे या बाटलीत काय आहे आणि काय असूच शकत नाही हे मी ठामपणे सांगू शकतो.

भाचा मिहानमध्ये नोकरीला आहे. पगार बरा, स्वभाव बुजरा. लग्नासाठी पाहिलेल्या मुलींकडून लागोपाठ नकार आले होते आणि ऑफिसातल्या एकीशी बोलावंसं वाटायचं पण जीभ उचलायची नाही. अशा पोराच्या मोबाईलवर ही जाहिरात बरोबर येऊन पडते: 'तिला कारण कळणार नाही, पण ती तुमच्याकडे ओढली जाईल.' खाली मोठ्या अक्षरात 'वैज्ञानिकदृष्ट्या सिद्ध'.

जाहिरात पाहून तो लगेच भुलला नाही. पुढे शहरातल्या एका प्रदर्शनात त्याच लोकांचा स्टॉल दिसला आणि तिथे तो अडकला. विक्रेत्याने मनगटावर दोन थेंब लावले आणि म्हणाला, जरा फिरून या. दोन गाळे पुढे जातो तोच एक मुलगी थांबली आणि स्वतःहून म्हणाली, "एक्सक्यूज मी, कोणता परफ्यूम लावलाय तुम्ही?" त्या पोराला आयुष्यात कधी अनोळखी मुलीने थांबवून काही विचारलं नव्हतं. परत आला आणि तिथल्या तिथे बाटली घेतली. नंतर त्याच स्टॉलच्या मागच्या खुर्चीवर तीच मुलगी डबा खाताना त्याच्या मित्राने पाहिली. तोवर पैसे गेले होते.

घरी येऊन लावलं तर थोड्या वेळाने वासच येईना. फोन केला. उत्तर तयार होतं: फेरोमोनला वास नसतोच, तुम्हाला येणार नाही, समोरच्याच्या मेंदूला कळेल. हे वाक्य नीट समजून घ्या, कारण सगळी फसवणूक त्यावर उभी आहे. वास आला तर परफ्यूम चांगला, नाही आला तर फेरोमोन काम करतंय. माल खोटा ठरायला जागाच ठेवलेली नाही. खरं तर कोणताही वास सतत नाकाशी असला की काही मिनिटांत नाक बसतं. दुकानात दिवसभर बसून मला माझ्याच मालाचा वास येत नाही, गिऱ्हाईक दारातूनच म्हणतं, "काय सुंदर सुटलंय!"

पुढचा टप्पा जास्त वाईट होता. 'कन्सल्टंट'ने सांगितलं की तुमचा नैसर्गिक गंधच कमजोर आहे, आधी तपासणी करावी लागेल. एक सुती टी-शर्ट दोन रात्री घालून झोपा, साबण-डिओ बंद, मग पिशवीत हवाबंद करून कुरिअर करा. त्याने केलं. आठवड्याभरात रंगीत आलेखांचा पीडीएफ आला: 'आकर्षण निर्देशांक' शंभरात एकतीस. त्यावर उपाय म्हणून त्याच्यासाठी 'खास बनवलेल्या' तीन बाटल्यांचा कोर्स. सगळं मिळून पंचवीस हजारांच्या आसपास गेले.

टी-शर्टची कल्पना त्यांनी कुठून उचलली तेही सांगतो, कारण तिच्यामुळेच शिकलेली मुलं फसतात. १९९५ साली स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठात क्लाउस वेडेकिंड यांनी खरोखरच असा प्रयोग केला होता. ४४ मुलांनी दोन रात्री आपापला एकच टी-शर्ट घातला आणि ४९ मुलींनी ते हुंगून कोणता वास आवडतो ते सांगितलं. रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित काही जनुकं आपल्यापेक्षा वेगळी असलेल्या मुलांचा वास मुलींना जास्त आवडला, आणि गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या मुलींमध्ये कल उलटा दिसला. पुढे इतरांनी असेच प्रयोग केले तेव्हा निकाल एकसारखे आले नाहीत. पण मुद्दा असा की त्या प्रयोगात कुणाचा वास 'कमजोर' ठरला नव्हता. एकीला आवडलेला टी-शर्ट दुसरीला नकोसा वाटत होता. आणि जनुकांची माहिती रक्ताच्या किंवा लाळेच्या तपासणीतून मिळते, कुरिअरने आलेला टी-शर्ट हुंगून कुणाला शंभरात एकतीस गुण देता येत नाहीत. माझ्या भाच्याला मात्र महिनाभर वाटत होतं की आपल्या अंगातच काहीतरी खोट आहे. पैशापेक्षा मला याचा संताप जास्त आहे.

शेवटी तो दुकानात आला. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. काउंटरवर बाटली ठेवून म्हणाला, "मामा, हे बघून द्या ना. पण आईला सांगू नका." काळ्या काचेची दहा मिलिलिटरची रोल-ऑन, सोनेरी टोपण. मी कागदी पट्टीवर एक रेघ ओढली आणि पंख्यापासून लांब ठेवली. आधी संत्रा-मोसंबीचा उडता वास आला, चहा होईस्तोवर तो गेला. खाली उरलं ते स्वस्त सिंथेटिक मस्क आणि व्हॅनिला. बोटांत चोळलं तर गुळगुळीत, चिकट, म्हणजे तेल पातळ करायला ग्लायकॉल भरपूर घातलेलं. असं तेल ठोक बाजारात किलोच्या भावाने मिळतं. मग 'कोर्स'च्या तीन बाटल्या तीन पट्ट्यांवर घेतल्या आणि त्यालाच हुंगायला लावल्या. तिन्हींचा वास एकच. तो बराच वेळ बोलला नाही. मानेवर लाल चट्टे उठले होते, तेही तेव्हा दाखवले. मे महिन्याच्या उन्हात गळ्याला ते तेल चोळून तो गाडीवर जात होता.

बाटलीसोबतच्या कागदावर 'अँड्रोस्टेनोन' असं नाव छापलं होतं. हे खरं रसायन आहे, आणि म्हणूनच त्याची खरी माहिती पाहिजे. नर डुकराच्या लाळेत ते असतं. माजावर आलेल्या डुकरिणीला त्याचा वास आला की ती जागच्या जागी स्थिर उभी राहते, आणि वराहपालनात माज ओळखायला त्याचा फवाराही वापरतात. माणसांत असं काही होत नाही. उलट त्याचा वास काहींना लघवीसारखा येतो, काहींना गोडसर आणि काहींना येतच नाही. नाकातल्या वास टिपणाऱ्या ओआर७डी४ या ग्राहीच्या जनुकातल्या फरकाचा त्यात वाटा आहे. म्हणजे बाटलीत ते खरंच असतं, तर निम्मं ऑफिस भाच्यापासून लांब बसलं असतं!

फेरोमोन हा शब्द १९५९ मध्ये कार्लसन आणि ल्यूशर या शास्त्रज्ञांनी आणला. त्याच वर्षी जर्मनीत आडोल्फ बूटेनान्ट यांनी रेशीमकिड्याच्या मादीचं असं पहिलं रसायन, बॉम्बिकॉल, ओळखलं. त्यासाठी सुमारे पाच लाख पतंग लागले होते. इतक्या कष्टाने एक पदार्थ सिद्ध होतो. माणसाचं असं एकही लैंगिक फेरोमोन आजवर सिद्ध झालेलं नाही. ऑक्सफर्डचे संशोधक ट्रिस्ट्रॅम वायट यांनी २०१५ मध्ये हेच सविस्तर मांडलं. परफ्यूमवाले अँड्रोस्टाडायनोन आणि एस्ट्राटेट्राएनॉल या ज्या रसायनांची नावं घेतात, ती १९९१ च्या एका परिषदेत पुढे आली आणि त्या परिषदेला अशीच उत्पादनं विकू पाहणाऱ्या कंपनीचा पैसा होता. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात हे दोन्ही पदार्थ तपासले, समोरचे चेहरे किती आकर्षक वाटतात यावर काही परिणाम दिसला नाही. अनेक प्राण्यांत फेरोमोन टिपणारा जो अवयव नाकात असतो, तो माणसात नावापुरता उरलाय. त्याच्यासाठी लागणारं टीआरपीसी२ हे जनुकच आपल्यात निकामी आहे.

मग वासाचा आणि प्रेमाचा संबंधच नाही का? आहे, खूप आहे, आणि मी तो रोज बघतो. आपल्याकडे गंधयुक्ती, म्हणजे सुगंध बनवणं, चौसष्ट कलांत मोजलंय. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत त्यावर अख्खा अध्याय आहे. लग्नात अत्तरदाणी आणि गुलाबदाणी अजून फिरते, सीताबर्डीच्या फूलबाजारात मोगऱ्याचे गजरे अजून संध्याकाळी संपतात. साखरपुडा झालेली जोडपी दुकानात येतात तेव्हा मी मुद्दाम पट्टी देत नाही. मुलाच्या मनगटावर लावतो, पाच मिनिटं थांबवतो आणि मुलीला विचारतो. पट्टीवर नापसंत केलेला हिना मनगटावर आवडल्याचं कितीदा तरी झालंय. त्वचेचा तेलकटपणा, घाम, अंगाची उष्णता यात मिसळून वास बदलतो. २०१२ मध्ये प्रागच्या संशोधकांना हेच दिसलं: माणसाने स्वतः निवडलेला परफ्यूम त्याच्या अंगाच्या वासाशी जास्त चांगला जुळतो, दुसऱ्याने हातात ठेवलेला तितका नाही.

दुसरी गोष्ट आठवणीची. वासाचा निरोप मेंदूत भावना आणि स्मृतीच्या भागांपर्यंत फार जवळच्या वाटेने पोचतो. कूलरमध्ये वाळा ओला झाला की नागपूरच्या माणसाला आजोळची दुपार आठवते, त्याला कोणतंही फेरोमोन लागत नाही. ज्या माणसासोबत आपण सुखात असतो त्याच्या अंगाचा वास आपल्याला आवडायला लागतो, आणि हे सगळं ओळख झाल्यावर घडतं.

तिसरी गोष्ट भाच्याला मी नीट समजावली. इंग्लंडमधल्या क्रेग रॉबर्ट्स यांच्या गटाने २००९ मध्ये एक अभ्यास छापला. काही तरुणांना सुगंधी डिओ दिला, काहींना सुगंध नसलेला, आणि त्यांचे आवाज बंद केलेले व्हिडिओ मुलींना दाखवले. व्हिडिओतून वास जाणं शक्य नाही, तरी सुगंधी डिओवाले मुलींना जास्त आकर्षक वाटले, कारण त्यांची स्वतःकडे बघण्याची आणि वागण्याची ढब बदलली होती. म्हणजे पंचवीस हजारांत जे विकत होते ते साध्या साबणाने आणि शंभर-दोनशेच्या आवडत्या वासानेही मिळतं.

आता धमकीबद्दल. भाच्याने पैसे परत मागितले तेव्हा 'कन्सल्टंट'चा आवाजच बदलला. "तुमचं सगळं चॅट आमच्याकडे आहे, ऑफिसच्या ग्रुपवर टाकू का? त्या मुलीला पाठवू का?" सुरुवातीला 'प्रोफाइल बनवायचं आहे' म्हणून त्याच्याकडून मुलीचं नाव, नोकरीचं ठिकाण, मनातलं सगळं काढून घेतलं होतं. पोरगा आठ दिवस नीट जेवला नाही. माझं सगळ्या तरुण मुलांना कळकळीचं सांगणं आहे, ही माहिती कुणाही विक्रेत्याला देऊ नका. आणि दिली असेल तर घाबरून आणखी पैसे मुळीच देऊ नका. अशी धमकी देऊन पैसे उकळणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली खंडणी ठरते.

आम्ही आधी सगळ्या चॅटचे स्क्रीनशॉट काढले, मग नंबर ब्लॉक केला. ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लवकरात लवकर फोन करायचा, जितका उशीर तितकी रक्कम अडवणं कठीण. खोट्या जाहिरातीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. बाटली आम्ही अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात दाखवली, कारण लेबलवर बनवणाऱ्याचा पत्ता, वापरण्याची मुदत आणि परवाना क्रमांक यातलं काहीच नव्हतं. सौंदर्यप्रसाधनावर हे छापणं बंधनकारक आहे. बाटली हातात घेतली की आधी ती बाजू फिरवून बघा.

सायबर पोलिसांत तक्रार नोंदवली आहे. बँकेने शेवटच्या हप्त्याची रक्कम अडवली, बाकीचे पैसे अजून आलेले नाहीत. धमकीचे फोन मात्र तक्रार केल्यापासून बंद झाले. पार्सलचा खोका, कुरिअरची पावती आणि तो पीडीएफ आम्ही जपून ठेवलाय. तपास अधिकाऱ्यांनी सांगितलं की त्याच नंबरबद्दल आणखी कुणी तक्रार केली तर प्रकरण पुढे न्यायला बळ मिळेल. लाजेपोटी गप्प बसलेली नागपुरातली आणखी पोरं असणार याची मला खात्री आहे, म्हणून घरातल्या मोठ्यांनी आपापल्या मुलांना न रागावता एकदा विचारून बघावं.