तीन पंखे आणि दोन अडॅप्टर : आठ महिन्यांनंतर

राउटर आणि बॅकअपच्या हार्ड डिस्क एकाच बंद कपाटात आहेत. आत इतकं तापायचं की मागच्या फळीला भोकं पाडून १२ व्होल्टचे, १२० मिलिमीटरचे तीन पंखे बसवले. रात्रंदिवस चालणारे. पंखे निवडायला मी दोन आठवडे घालवले आणि अडॅप्टर मात्र ड्रॉवरमधून उचलला. कुठल्या यंत्राबरोबर आला होता तेही आठवत नव्हतं. त्यावर १२ व्होल्ट, १ अँपिअर. प्रत्येक पंख्यावर ०.२ अँपिअर. तिघांचे मिळून ०.६. हिशोब बसला, मी खूश.

तिसऱ्या आठवड्यात कपाट उघडलं तर तापलेल्या प्लॅस्टिकचा वास. अडॅप्टरवर हात ठेववेना. मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावला तर पंखे चालू असताना जेमतेम १०.६ व्होल्ट मिळत होते. म्हणजे पंखे फिरत होते, फक्त हळू, म्हणून मला पत्ताच लागला नाही. प्लग काढून, बराच वेळ थांबून (आतला मोठा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, चार्ज धरून बसतो, घाई नको) अडॅप्टर फोडला. आउटपुटचा कपॅसिटर डोक्यावर फुगलेला, फ्यूजच्या जागी नुसती तार, आणि मेन्सची (घरातल्या विजेची) बाजू व पंख्यांची बाजू यांच्यात दोन मिलिमीटरही अंतर नाही. चांगल्या अडॅप्टरमध्ये तिथे पाच-सहा मिलिमीटर तरी मोकळे सोडतात. ते अंतर पाहून मला खरी भीती वाटली. गरम होणं एक वेळ परवडलं, पण मेन्सचा करंट पंख्याच्या तारेत उतरला असता तर?

मोबाइलचा चार्जर दिवसातून दोन-तीन तास राबतो. या पंख्यांच्या अडॅप्टरला वर्षाला ८,७६० तास राबायचंय. आतल्या कपॅसिटरवर बहुधा १०५ अंश सेल्सियस लिहिलेलं असतं, आणि स्वस्तातल्यांचं आयुष्य त्या तापमानाला २,००० तास धरतात. तापमान दर १० अंशांनी उतरलं की आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं. म्हणजे कपॅसिटर ८५ अंशांवर राहिला तर ८,००० तास, वर्षही पुरं नाही. ६५ अंशांवर राहिला तर ३२,००० तास, साडेतीन वर्षांहून जास्त. हा हिशोब मांडल्यावर माझा अँपिअरकडे बघण्याचा दृष्टिकोनच बदलला. नुसतं 'पुरतंय ना' एवढं बघून भागत नाही, अडॅप्टर निवांत चालायला हवा.

म्हणून दुसरा घेतला तो १२ व्होल्ट २ अँपिअरचा, रेग्युलेटेड, म्हणजे करंट कमी-जास्त ओढला तरी व्होल्टेज तेवढंच ठेवणारा. लोड, म्हणजे पंखे ओढतात तो करंट, त्याच्या कुवतीच्या ३० टक्के. 'जास्त अँपिअर दिलेस तर पंखे जळतील' असं घरात ऐकवलं गेलं. तसं होत नाही. पंखा लागेल तेवढाच करंट ओढतो. व्होल्टेज मात्र जुळलंच पाहिजे, आणि जुन्या, जड ट्रान्सफॉर्मरवाल्या अनरेग्युलेटेड अडॅप्टरपासून म्हणूनच लांब राहावं. लोड कमी असला की १२ लिहिलेला अडॅप्टर १६-१७ व्होल्टसुद्धा देतो.

पण मोठ्या अडॅप्टरची एक खोड आहे. पंख्याच्या बारीक तारेत शॉर्ट झालं तर २ अँपिअर त्याला जास्त वाटत नाहीत, तो देत राहतो आणि तार तापते. मी प्रत्येक पंख्याच्या वायरमध्ये ५०० मिलिअँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज टाकला. स्लो-ब्लो यासाठी की सुरू होताना पंखा क्षणभर जास्त ओढतो, साधा फ्यूज उगाच उडू शकतो.

लेबलवर चौकोनात चौकोन (दुहेरी इन्सुलेशनची खूण) आणि कार्यक्षमतेची पातळी सांगणारा रोमन सहा (VI) बघून घेतला. खुणा कोणीही छापू शकतो हे मान्य, म्हणून उत्पादकाच्या यादीत तो मॉडेल नंबर सापडतो का तेही पाहिलं, आणि हातात तोलून पाहिला. तेवढ्याच क्षमतेच्या ओळखीच्या अडॅप्टरपेक्षा फारच हलका लागला असता तर परत केला असता.

दुसऱ्या महिन्यात पंखे मध्येच अडखळायला लागले. दोष पिनचा. बाहेरून ५.५ मिलिमीटरच्या या गोल पिनांमध्ये आतलं भोक २.१ किंवा २.५ चं असतं. माझ्या अडॅप्टरची २.५ ची, पंख्यांच्या सॉकेटमधली दांडी २.१ ची. बसते, पण सैल. सैल जोडणी तापते, प्लॅस्टिक मऊ होतं. सॉकेट बदललं, प्रश्न मिटला. हे घेतानाच मोजलं असतं तर बरं झालं असतं, पण तेव्हा मी अँपिअरच्या गणितात रमलो होतो.

अजून एक माझीच चूक : अडॅप्टर कपाटात वरच्या कप्प्यात ठेवला होता, जिथे सगळी गरम हवा गोळा होते. इन्फ्रारेड थर्मामीटरने कव्हर ५८ अंश दाखवलं. बाहेर भिंतीच्या बोर्डावर लावला, त्याच लोडवर ४३.

तक्रारी दोनच. निळा दिवा अंधारात खोलीभर पसरतो, त्यावर काळी टेप चिकटवली. अंग इतकं रुंद की शेजारचं सॉकेट झाकतं. बोर्डाच्या कडेची जागा द्यावी लागली.

मागच्या आठवड्यात मोजलं तेव्हा तिन्ही पंखे चालू असताना १२.०४ व्होल्ट, पहिल्या दिवशीइतकेच. आवाज येतोय तो मधल्या पंख्याचा, त्याचं बेअरिंग कुरकुरायला लागलंय. तो आता बदलायचाय.