टीव्हीचं चित्र उलटं झालं आणि ८,२०० रुपये गेले, तुम्ही तरी सावध राहा

घरातल्या कुणी व्हिडिओ बघून टीव्हीच्या सर्व्हिस मेनूत (मेकॅनिकसाठीच्या लपवलेल्या सेटिंग्जमध्ये) हात घातला असेल तर हे वाचाच. आमच्या भाच्याने रिमोटची बटणं ठरावीक क्रमाने दाबून तो लपवलेला मेनू उघडला, आत पॅनेल टाइप (आत कोणत्या प्रकारचा स्क्रीन आहे ते टीव्हीला सांगणारं सेटिंग) बदलला आणि टीव्ही बंद करून लावला तर चित्र उलटं, माणसांचे पाय वर डोकं खाली, आवाज मात्र एकदम व्यवस्थित.

कंपनीचं कस्टमर केअर म्हणून नेटवर सगळ्यात वर जो नंबर आला तो मी लावला, कुणीही तेच करेल. माणूस आला, ३५० व्हिजिट चार्ज घेतला, टीव्ही चालू करून बघितला आणि म्हणाला मदरबोर्ड जळालाय. मला आजही संताप येतो तो याच क्षणाचा. मागचं कव्हर उघडलं नव्हतं, स्क्रूड्रायव्हर बॅगेतच होता, मग जळालेला बोर्ड याला दिसला कुठून? आणि बोर्ड जळाला असता तर चॅनेल बदलले असते का? मागच्या स्टिकरचा फोटो मात्र त्याने आठवणीने काढला. मला वाटलं मॉडेल नंबर घेतोय, पण पॅनेलचा कोड तिथेच असतो ना! पोराने सेटिंग बदललंय हे मी त्याला स्पष्ट सांगितलं होतं, तर म्हणे त्यानेच बोर्डवर लोड आला. मी अकाउंट्समध्ये काम करते, बोर्डवर लोड येतो की नाही हे मला कसं कळणार?

११,००० सांगून ७,८५० वर आला, ३,००० ॲडव्हान्स घेऊन टीव्ही टेम्पोत घालून नेला, परत आणून उरलेले ४,८५० घेतले. जुना बोर्ड मागितला तर "कंपनीत जमा होतो मॅडम".

नंतर ओळखीच्या मेकॅनिकने बघितलं तर स्क्रूवरचं कंपनीचं सील जसंच्या तसं! टीव्ही उघडलेलाच नाही. त्या माणसाने मेनूत पॅनेल टाइप परत पहिल्यासारखा केला, बस. रिमोटचं काम, त्याचे ८,२००.

कंपनी म्हणते आमचा माणूसच नव्हता. चौकीत तर कहर, "टीव्ही चालू झाला ना, मग फसवणूक कसली? दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." अहो, न बसवलेल्या बोर्डाचे पैसे घेणं ही फसवणूक नाही तर काय? अर्ज घेतला पण पोच द्यायला साहेब नाहीत, साहेब आले तर शिक्का नाही, शिक्का मिळाला तर हद्द दुसऱ्या चौकीची, आणि तो नंबर अजून चालूच आहे, रोज कुणाला तरी गंडवत असणार!

नंबर वॉरंटी कार्डावरचाच घ्या. टीव्ही घराबाहेर नेऊ देऊ नका, तुमच्यासमोर उघडायला लावा, बोर्डावरच्या सिरियल नंबरचा आधी आणि नंतर फोटो काढा. जुना पार्ट हातात पडल्याशिवाय पैसे नाही. आणि जीएसटी नंबर असलेलं पक्कं बिल घ्याच, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करताना दुकानाचं नाव-पत्ता लागतो, माझ्या चिठ्ठीवर नुसता मोबाईल नंबर आहे आणि तो आता माझा फोन उचलत नाही.