चोरो की ताकेसी?

बोलिव्हियात ला पाझजवळून युंगासच्या ढगाळ जंगलात उतरणाऱ्या या दोन इंकाकालीन वाटा. चोरोला ३ दिवस धरा, ताकेसीला २.

चोरोची खिंड ४,८०० मीटरच्या वर, पण ला कुंब्रे या सुरुवातीच्या ठिकाणाहून चढण थोडीच. कस लागतो तो शेवटच्या चायरो गावापर्यंतच्या साडेतीन हजार मीटर उतारावर. ओले, शेवाळलेले दगड घसरवतात, गुडघे भरून येतात, बोटं बुटात आदळून नखं काळी पडतात. नखं आधीच कापा, नाड्या घोट्याशी घट्ट बांधा, दोन काठ्या घ्याच.

ताकेसीची खिंड सुमारे ४,६०० मीटर. वेंतिलाहून निघाल्यास दमवते ती चढण. फरसबंदी मात्र इथलीच जास्त शाबूत, सुंदर!

दोन्हींसाठी मे ते सप्टेंबर बरा. जंगलात रमायचं असेल तर चोरो. सुट्टी कमी किंवा गुडघे नाजूक असतील तर ताकेसी.