बेटब्लॉकर: ई-स्पोर्ट्सच्या सट्ट्याला कुलूप लावणारं मोफत ॲप

काउंटर-स्ट्राइक किंवा डोटासारख्या व्हिडिओ गेमच्या सामन्यांवर पैसे लावताना खरा धोका थेट सामन्यात असतो. दर राउंडला नवा भाव, आणि गेलेले पैसे लगेच वसूल करायची घाई. दोन्ही संघांचा भाव १.८७ असेल (म्हणजे जिंकल्यास रुपयाला १.८७ रुपये परत) तर १ भागिले १.८७ दोनदा मिळवा. जवळपास १०७ टक्के येतात. वरचे ७ टक्के कंपनीचे. बेट वाढले की ही कात्रीही तितक्या वेळा चालते.

बेटब्लॉकर ही वाटच बंद करतं, सट्ट्याच्या साइट्स उपकरणावर उघडूच देत नाही. एका धर्मादाय संस्थेचं हे ॲप नाव-पत्ता मागत नाही आणि संगणक, अँड्रॉइड, आयफोन सगळीकडे चालतं. मुदत २४ तासांपासून ५ वर्षांपर्यंत. एकदा लावलेली बंदी मधेच उठवता येऊ नये अशीच रचना आहे (आमच्या मते हेच त्याचं मोठं बळ), म्हणून आधी २४ तासांचीच लावा, कामाचं व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणी) अडत नाही ना ते बघा, मग वाढवा. प्रत्येक उपकरणावर टाका. एक जुना टॅबलेट सुटला तरी सगळं फुकट.

उणीव स्किन-जुगाराची, म्हणजे गेममधल्या शस्त्रांच्या सजावटी (स्किन) पैशांऐवजी पणाला लावण्याची. २०१६ मध्ये काउंटर-स्ट्राइक बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने अशा साइट्सना नोटिसा दिल्या, तरी त्या नव्या पत्त्यांवर उगवतात आणि ब्लॉक-यादी मागे पडते. त्यामुळे जोडीला सट्ट्याच्या खात्यावर सेल्फ-एक्सक्लूजन (स्वतःहून स्वतःवर घातलेली बंदी) घ्या आणि बँक सोय देत असेल तर जुगाराचे व्यवहारही बंद करा. फक्त आवर घालायचा असेल तर ॲप नको. आठवड्याची डिपॉझिट मर्यादा सामना सुरू व्हायच्या आधी ठरवा.