ठाणे वेस्टची स्वस्त डॉर्मिटरी, रात्र काढायला ओके

पहाटेची जनशताब्दी पकडून कोकणात जायचं आणि रात्री उशिरा ठाण्यात पोचताय, तर हॉटेलच्या रूमवर पैसे घालवण्यात काही पॉइंट नाही, स्टेशनपासून चालत अंतरावर वेस्टला डॉर्मिटऱ्या आहेत तिथे पथारी टाकायची. मी राहिलो ती वरच्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, बेड म्हणजे लोखंडी बंक. गादी पातळ पण चादर धुतलेली होती, हे महत्त्वाचं. लॉकरला कुलूप आपलं आपण न्यायचं, आणि खालचा बंकच मागा कारण चार्जिंग पॉइंट फक्त खालीच आहे, वरचे लोक रात्रभर वायर लोंबकळत ठेवतात आणि मग कोणीतरी अडकतंच. बाथरूम कॉमन, गरम पाणी बादलीत मागून घ्यावं लागतं. घोरणारे फ्री!

जेवण अर्थात मिळत नाही. संध्याकाळी लवकर पोचलात तर मामलेदारची मिसळ खा, तिखट मागायची हिंमत असेल तरच मागा, नाहीतर मीडियम, तीही घाम काढते. प्रवासात पोट सांभाळायचं असेल तर गुपचूप लो घ्या, कोणी हसत नाही. टाइमपासला तलावपाळी आहेच, गडकरी रंगायतनच्या बाजूने फेरी मारायची, कठड्यावर बसायचं, शेंगदाणे खायचे, मूड असेल तर बोटिंग.

मॅनेजर जरा खडूस आहे, ओरिजनल आधार दाखवल्याशिवाय आत सोडत नाही, पण पहाटे उठवायला सांगितलं तर खरंच येऊन बंक हलवतो. बायकांसाठी वेगळी सोय दिसली नाही, फॅमिली असेल तर दुसरीकडे बघा. पाचपैकी तीन.